हरलेलं युद्ध चालू का राहतं?

27 मे 1964 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आपले सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी फोनवर बोलत होते. व्हिएतनामसाठी लढावं एवढं तिथे काही आहे असं वाटत नाही, आणि तिथून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. हे संभाषण ध्वनिमुद्रित झालं होतं आणि नव्वदच्या दशकात ते सर्वांसाठी खुलं झालं. फोन झाला तेव्हा व्हिएतनाममध्ये मृत्यू पावलेले अमेरिकी सैनिक काही शेकड्यांच्या घरात होते. युद्ध संपेपर्यंत तो आकडा 58 हजारांच्या वर गेला. व्हिएतनामच्या सरकारने 1995 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार दोन्ही बाजूंचे मिळून 20 लाख नागरिक आणि त्यांच्या बाजूचे 11 लाख लढवय्ये मारले गेले. ज्याच्या हाती युद्ध थांबवणं होतं, त्याला ते निरर्थक आहे हे सुरुवातीलाच ठाऊक होतं. मग ते पुढे जवळजवळ नऊ वर्षं का चाललं? शीतयुद्ध, महासत्तेचा ताठा, शस्त्रउद्योगाचे हितसंबंध ही नेहमीची उत्तरं खोटी नाहीत. पण युद्ध सुरू का झालं, एवढंच त्यांतून कळतं. ते संपत का नाही, याचं उत्तर मला दुसरीकडे दिसतं. सरकार आपल्याच लोकांना जे सांगून बसलेलं असतं, ते माघारीच्या आड येतं. परक्या भूमीवरच्या युद्धाबद्दल केलेली प्रत्येक खोटी मांडणी पुढच्या वर्षीची माघार त्या सरकारसाठी अधिक महाग करते. खोटं उघडं पडलं की युद्ध आपोआप थांबतं, ही आपली लाडकी समजूतही पुराव्यापुढे टिकत नाही.

व्हिएतनामची कागदपत्रं जेवढी खुली झाली आहेत तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या युद्धाची झाली असतील, म्हणून मुक्काम तिथेच जास्त करावा लागतो. 2 ऑगस्ट 1964 रोजी टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी हल्ला केला, हे खरं आहे. 4 ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचं जाहीर झालं, तो झालाच नव्हता. त्याच दिवशी घटनास्थळावरचे अधिकारी कॅप्टन हेरिक यांनी वर कळवलं होतं की विचित्र हवामान आणि सोनारवरच्या माणसांचा अतिउत्साह यांमुळे बरेचसे संदेश शंकास्पद वाटतात. ही शंका वॉशिंग्टनला पोचली, पण संसदेत आली नाही. त्या किनाऱ्यावर दक्षिण व्हिएतनामच्या बोटी अमेरिकेच्याच आखणीनुसार गुप्त छापे घालत होत्या, तेही आलं नाही. आपल्या नौदलाला त्या छाप्यांची कल्पनाच नव्हती, असं संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी सांगितलं. तीन दिवसांत ठराव आला: प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0, सेनेटमध्ये 88 विरुद्ध 2. वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग हे दोघे तेवढे विरोधात उभे राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकार रॉबर्ट हॅन्यॉक यांचा अभ्यास 2005 मध्ये खुला झाला. दुसरा हल्ला झाल्याचं दिसावं अशा रीतीने गुप्तवार्ता निवडून मांडल्या गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग युद्धाचं निमित्त म्हणून येतो, पण निमित्त दुसरंही मिळालं असतं. या प्रसंगाचा खरा परिणाम असा की जॉन्सन यांना संसदेकडून कोरा चेक मिळाला, आणि तो कसा मिळवला हे पुढे कधी बोलायचं नाही, असं बंधनही त्याच क्षणी त्यांच्या गळ्यात पडलं.

ते बंधन लगेच जाणवू लागलं. 1964 ची निवडणूक जॉन्सन यांनी शांततेचा उमेदवार म्हणून जिंकली. आशियाई तरुणांनी लढायचं युद्ध आपण अमेरिकी तरुणांवर लादणार नाही, असं ते सभांमधून सांगत होते. मार्च 1965 मध्ये दा नांगला मरीन सैनिक उतरले, तळांच्या रक्षणापुरते. 6 एप्रिलच्या गुप्त निर्देशात त्यांचं काम बदलून त्यांना चढाईची मोकळीक दिली गेली. हा बदल हळूहळू होतो आहे आणि धोरण पूर्वीचंच आहे असं भासावं, वेळेआधी गाजावाजा होऊ नये, असंही त्याच निर्देशात लिहिलं होतं. वर्ष संपता संपता 1 लाख 80 हजारांवर सैन्य तिथे होतं. जनतेला हेतू सांगितला जात होता दक्षिण व्हिएतनामच्या स्वातंत्र्याचा. संरक्षण खात्याचे जॉन मॅक्नॉटन यांनी मार्च 1965 मध्येच हेतूंची टक्केवारी मांडली होती: 70 टक्के अमेरिकेचा अपमानास्पद पराभव टाळण्यासाठी, 20 टक्के तो मुलूख चीनच्या हाती जाऊ नये म्हणून, आणि दक्षिण व्हिएतनामी जनतेला बरं जगता यावं यासाठी 10 टक्के. सरकारी टिपणात इतका प्रामाणिक हिशेब फार क्वचित सापडतो. आता या 70 टक्क्यांचा विचार करा. अपमान टाळणं हाच हेतू असेल तर प्रत्येक नवी तुकडी, प्रत्येक नवं आश्वासन संभाव्य अपमान वाढवत जातं. म्हणजे हेतू साधण्याचं साधनच त्या हेतूला दूर ढकलतं. हे लोकांसमोर मांडलं असतं तर संसदेत एक दिवसही टिकलं नसतं. मांडलं नाही म्हणून टिकलं.

1967 पर्यंत खोटेपणा आकड्यांत उतरला होता. शत्रूचे लढवय्ये किती, यावरून सीआयए आणि सायगावमधलं लष्करी मुख्यालय यांच्यात वाद चालला होता. गुप्तवार्ता विश्लेषक सॅम अॅडम्स यांचा अंदाज सहा लाखांच्या जवळ जात होता. मुख्यालयाने गावपातळीवरचे स्वसंरक्षक दल मोजणीतून वगळून आकडा तीन लाखांच्या आत ठेवायला लावला. कारणही लेखी आहे: आपण महिनोन्‌महिने यशाचं चित्र उभं करतो आहोत, मोठा आकडा छापून आला तर ते कोसळेल, असं त्याच मुख्यालयातील जनरल एब्रॅम्स यांनी त्या ऑगस्टमध्ये तारेने कळवलं होतं. नोव्हेंबरमध्ये सेनापती वेस्टमोरलँड यांनी वॉशिंग्टनच्या प्रेस क्लबमध्ये शेवट दिसू लागल्याचं सांगितलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मॅक्नामारा यांनी जॉन्सन यांना खाजगी टिपण देऊन हा मार्ग निष्फळ असल्याचं कळवलं होतं. मग 1968 च्या जानेवारीअखेरीस तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात दक्षिणेतल्या बहुतेक प्रांतिक राजधान्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. लष्करी दृष्टीने तो हल्ला फसला आणि हल्लेखोरांची प्रचंड हानी झाली, यावर बरेच इतिहासकार सहमत आहेत. तरीही अमेरिकेत भूकंप झाला, कारण लोकांनी लढाईचा निकाल पाहण्याआधी दोन महिन्यांपूर्वीचं भाषण आठवलं. यशाचं चित्र रंगवलंच नसतं, तर तेत ही शत्रूची फसलेली चढाई म्हणून नोंदली गेली असती. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं चूक होती का, या गॅलपच्या प्रश्नाला ऑगस्ट 1965 मध्ये 24 टक्के लोकांनी होकार दिला होता. ऑगस्ट 1968 मध्ये 53 टक्क्यांनी दिला.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. ही माणसं खोटी नव्हती, चुकत होती. युद्धात माहिती अपुरी असते, आशा बाळगणं सेनापतीचं कामच असतं, आणि मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं. वेस्टमोरलँड यांनी सीबीएस वाहिनीवर भरलेला बदनामीचा खटला 1985 मध्ये निकालाआधीच तडजोडीत मिटला; आकड्यांच्या त्या वादात प्रामाणिक मतभेदाचाही भाग होता, हे मान्य करायला हवं. तत्त्वचिंतक हॅना आरेन्ट यांनी 1971 मध्ये पेंटागॉनच्या गुप्त कागदपत्रांवर लिहिताना बोट याच गुंत्यावर ठेवलं. ही फसवणूक शत्रूसाठी नव्हती, ती घरच्या प्रेक्षकांसाठी होती, आणि प्रतिमा विकणारे अखेर स्वतःच त्या प्रतिमेचे गिऱ्हाईक झाले, असं त्यांचं निदान. ते मला अर्धंच पटतं. आत्मवंचना होती, पण ती खालच्या आणि मधल्या पातळीवर. अगदी वरच्या वर्तुळात, म्हणजे जॉन्सन, मॅक्नामारा, बंडी, आणि 1965 मध्येच माघारीचा सल्ला देणारे परराष्ट्र खात्यातील जॉर्ज बॉल, यांच्या लेखी टिपणांत शंका इतक्या स्पष्ट आहेत की त्यांना भ्रम म्हणता येत नाही. मॅक्नामारा यांनी 1995 च्या आठवणींत आपण भयंकर चुकलो असं लिहिलं. त्यात एक सोयीस्कर गाळणूक आहे. निर्णय चुकणं एक आणि चुकला हे कळल्यावर ते लपवून ठेवणं दुसरं. पहिल्या चुकीची किंमत काही शेकडे माणसं होती. पुढची सगळी दुसरीच्या खात्यात जातात.

त्या खात्यात पुढचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची भर मोठी आहे. 1968 च्या निवडणुकीच्या तोंडावर पॅरिसच्या वाटाघाटी पुढे सरकत होत्या आणि 31 ऑक्टोबरला जॉन्सन यांनी बाँबफेक थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास निक्सन यांच्या गोटाकडून त्यांच्या समर्थक अॅना शेनॉल्ट यांच्यामार्फत सायगावला निरोप जात होते: थांबा, आमच्याकडून जास्त मिळेल. निक्सन यांनी हे शेवटपर्यंत नाकारलं. पण त्यांचे सहायक हाल्डमन यांच्या हस्तलिखित टिपणांत 22 ऑक्टोबरच्या नोंदीत वाटाघाटींत खोडा घालण्याची सूचना आहे, आणि ती टिपणं काही वर्षांपूर्वी चरित्रकार जॉन फॅरेल यांनी उजेडात आणली. निरोप गेला नसता तरी दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष थियू यांनी तेच केलं असतं, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि ते शक्य आहे. माझ्या दृष्टीने जास्त बोलका भाग जॉन्सन यांचा. त्यांना हे सगळं टेहळणीतून कळलं होतं आणि तरी ते गप्प बसले, कारण बोलायचं तर आपण मित्रराष्ट्राच्या वकिलातीवर कान लावून बसलो होतो हेही सांगावं लागलं असतं. अळीमिळी गुपचिळी. पुढे मार्च 1969 पासून चौदा महिने बी-52 विमानांनी कंबोडियावर साडेतीन हजारांहून जास्त फेऱ्या केल्या, आणि संसदेला जाणाऱ्या हिशेबात ते बाँब दक्षिण व्हिएतनाममध्ये टाकल्याचं दाखवलं गेलं. दुहेरी वह्या ठेवण्याची ही पद्धत 1973 मध्ये हवाईदलाच्या एका मेजरच्या सेनेटपुढील साक्षीने बाहेर आली. कंबोडियन शेतकऱ्याला बाँब पडत होते हे माहीत होतं, हानोईला माहीत होतं, राजधानी नोम पेन्हला माहीत होतं. माहीत नव्हतं ते अमेरिकेच्या करदात्याला. गुप्तता युद्धात आवश्यक असते, या आक्षेपाचं उत्तर या एका उदाहरणात मिळतं: ज्याच्यावर बाँब पडतो त्याच्यापासून बाँब लपवता येत नाही, तेव्हा ती गुप्तता कुणापासून होती हे विचारावं लागत नाही. तारखा, हालचाली, संकेतलिपी लपवण्याला कुणाचा विरोध नाही. हानोईनेही आपलं नियमित सैन्य दक्षिणेत असल्याचं वर्षानुवर्षं नाकारलं. फरक इतकाच की हानोईला निवडणूक लढवायची नव्हती.

13 जून 1971 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पेंटागॉनची गुप्त कागदपत्रं छापायला सुरुवात केली. मॅक्नामारा यांनीच 1967 मध्ये करून घेतलेला तो 47 खंडांचा, सुमारे 7,000 पानांचा अंतर्गत इतिहास डॅनियल एल्सबर्ग यांनी बाहेर काढला होता. 30 जूनला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी छपाईला मोकळीक दिली. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात हा सोन्याचा दिवस आहे आणि त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. युद्ध संपण्याच्या दृष्टीने मात्र त्याचा हिशेब कमी वेळा मांडला जातो. तोवर 61 टक्के लोक युद्धाला चूक म्हणू लागले होते. कागदपत्रं छापल्यानंतर युद्ध आणखी दीड वर्ष चाललं, डिसेंबर 1972 मध्ये हानोईवर प्रचंड बाँबफेक झाली, आणि दरम्यान निक्सन 49 राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. कागदपत्रं 1967 पर्यंतचीच होती, खोटं आधीच्यांचं होतं, आणि मतदारांना वाटत होतं की हा माणूस ते आवरतो आहे. सत्य कळलं म्हणून लोक रस्त्यावर उतरतात आणि सरकार नमतं, ही कथा नाटकाला शोभते. इतिहासात सत्य कळल्यावर बहुतेक लोक उसासा टाकून कामाला लागतात. 2004 मध्ये इराकमध्ये संहारक अस्त्रांचे साठे नसल्याचं अमेरिकेच्याच सर्वेक्षण पथकाने सांगितलं. त्यानंतर महिनाभरात जॉर्ज बुश पुन्हा निवडून आले.

मग व्हिएतनामचं युद्ध आवरलं कशाने? रणांगणावर हानोईच्या चिकाटीने, हे पहिलं. घरात मात्र ते आवरलं तिजोरीच्या किल्लीने. 1970 च्या अखेरीस संसदेने कंबोडिया आणि लाओसमध्ये अमेरिकी पायदळ पाठवण्यासाठी पैसा वापरायला बंदी केली. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण व्हिएतनामी सैन्य लाओसमध्ये घुसलं तेव्हा अमेरिकी पायदळ सीमेवर थांबलं. 27 जानेवारी 1973 च्या पॅरिस करारानंतरही कंबोडियावर बाँब पडतच होते. ते 15 ऑगस्ट 1973 ला थांबले, कारण त्या तारखेपुढे निधी नाही असा कायदा झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये युद्धाधिकारांचा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून मंजूर झाला. संसदेला हे धैर्य आलं त्यामागे कागदपत्रं होती, वॉटरगेट होतं, सक्तीच्या भरतीने मध्यमवर्गाच्या घरापर्यंत पोचलेली झळ होती. सत्याने वातावरण तयार केलं. हात मात्र अंदाजपत्रकाचे होते. हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच विमानं थांबली.

याच ठिकाणी युद्धसमर्थकांचा सर्वांत जोरकस आक्षेप उभा राहतो: संसदेने हात आखडला म्हणून दक्षिण व्हिएतनाम बुडालं, मित्र वाऱ्यावर सोडले गेले, आणि मागून श्रमछावण्या आल्या, समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांच्या होड्या आल्या, शेजारी कंबोडियात पोल पॉट आला. ही दुःखं खरी आहेत आणि युद्धविरोधी लेखनात ती तळटीपेत ढकलली जातात, हे मला पटत नाही. पण मित्रांना फसवलं कुणी, हेही पाहायला हवं. निक्सन यांनी नोव्हेंबर 1972 आणि जानेवारी 1973 मध्ये थियू यांना खाजगी पत्रं पाठवून वचन दिलं की हानोईने करार मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीनिशी उत्तर देईल. ही पत्रं संसदेला दाखवली गेली नाहीत; सायगाव पडताना, एप्रिल 1975 मध्ये, ती जाहीर झाली. ज्या वचनासाठी पैसा संसदेने द्यायचा, ते संसदेपासून लपवून दिलेलं होतं. त्याला कागदाइतकीही किंमत नव्हती. शिवाय 3 ऑगस्ट 1972 च्या ध्वनिमुद्रणात निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांची चर्चा ऐकता येते: दक्षिण व्हिएतनाम वर्ष-दोन वर्षं तग धरेल एवढी तजवीज करावी, मग कोसळलं तरी दोष आपल्यावर येणार नाही. निक्सन सत्तेवर आल्यानंतर सुमारे 21 हजार अमेरिकी सैनिक मेले. ते कशासाठी, या प्रश्नाचं या संभाषणाइतकं थंड उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. थियू यांना 1969 मध्येच खरं सांगितलं असतं, तर तडजोड करायला, सैन्य सावरायला, लोकांना बाहेर काढायला त्यांच्याकडे सहा वर्षं होती.

तरीही निक्सन नवे होते. आधीच्यांचं खोटं त्यांच्या नावावर नव्हतं, आणि असा नवा माणूस युद्ध संपवू शकतो. 1953 मध्ये आयझेनहॉवर यांनी सत्तेवर आल्यावर सहा महिन्यांत कोरियात युद्धविराम मान्य केला. फ्रान्समध्ये पिएर मेंडेस-फ्रान्स 18 जून 1954 ला पंतप्रधान झाले, महिन्याभरात इंडोचायनाचा तह करीन नाही तर राजीनामा देईन असं म्हणाले, आणि जिनिव्हात तो केला. ते त्या युद्धावर कित्येक वर्षं जाहीर टीका करत आले होते, झाकण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. गोर्बाचेव्ह यांनी 1979 चा अफगाणिस्तानचा निर्णय घेतला नव्हता. 1986 च्या नोव्हेंबरात पॉलिटब्यूरोने एक-दोन वर्षांत बाहेर पडायचं ठरवलं. सुरुवातीच्या वर्षांत जिथे थडग्यांवर अफगाणिस्तानचं नावही कोरू दिलं जात नव्हतं, तिथे मे 1988 मध्ये मृत सैनिकांचा आकडा, 13,310, अधिकृतपणे छापला गेला. पुढच्या फेब्रुवारीत शेवटची तुकडी परतली. बायडेन यांनी 2009 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष असताना अफगाणिस्तानात सैन्य वाढवायला विरोध केला होता, आणि शेवटी माघार त्यांनीच पूर्ण केली. या सगळ्या नव्या माणसांना आपला शब्द गिळावा लागला नाही. निक्सन यांनी मात्र सत्तेवर येण्याआधीच सायगावला शब्द दिला होता, आणि आल्यावर दोन महिन्यांत कंबोडियाची दुहेरी वही उघडली. नवेपण त्यांनी स्वतःच खर्चून टाकलं.

माझ्या या मांडणीला सहज न बसणारं एक उदाहरण आहे, ते फ्रान्सचे नेते द गॉल यांचं. 4 जून 1958 ला अल्जिअर्सच्या जमावापुढे ते म्हणाले की मी तुम्हाला समजलो आहे. अल्जीरिया फ्रान्सचाच राहणार असं जमावाने त्यातून ऐकलं. नरो वा कुंजरो वा. या संदिग्धतेने त्यांना सत्ता मिळाली, वेळ मिळाला, आणि शेवटी त्यांनीच अल्जीरिया सोडला. तेव्हा फसवणुकीनेही युद्ध संपतं की! पण घटनाक्रम नीट पाहिला तर संदिग्धतेने ते संपवलेलं नाही. सप्टेंबर 1959 मध्ये त्यांनी स्वयंनिर्णयाचा शब्द जाहीरपणे उच्चारला, जानेवारी 1961 मध्ये त्यावर सार्वमत घेऊन सुमारे 75 टक्के होकार मिळवला. त्यामुळेच त्या एप्रिलमध्ये चार जनरलांनी बंड केलं तेव्हा ट्रान्झिस्टरवर त्यांचं भाषण ऐकणाऱ्या साध्या भरतीच्या सैनिकांनी बंडाला साथ दिली नाही. 1958 च्या दुटप्पी वाक्याची किंमत दुसऱ्यांनी भरली: फसवलं गेल्याच्या रागातून उभी राहिलेली ओएएस ही दहशतवादी संघटना, आणि फ्रान्सच्या बाजूने लढून मागे सोडले गेलेले, सूडाला बळी पडलेले हरकी. त्या संघर्षाला कायद्याने ‘युद्ध’ म्हणायला फ्रान्सला 1999 उजाडावं लागलं.

अफगाणिस्तानात सगळा खेळ पुन्हा झाला, फक्त भरती सक्तीची नव्हती. अमेरिकी सरकारच्याच पुनर्बांधणी महानिरीक्षकांनी 400 हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने न्यायालयात झगडून त्या मिळवल्या आणि 9 डिसेंबर 2019 पासून छापल्या. आपल्याला त्या देशाची मूलभूत समज नव्हती, असं तिथल्या धोरणाचा समन्वय पाहिलेले जनरल डग्लस ल्यूट बोलून गेले होते. व्हिएतनाममध्ये आकडे वाकवले जात. इथे ते बंद करण्यात आले. अफगाण सैन्याची हानी गोपनीय ठरवली गेली, आणि किती जिल्हे कुणाच्या ताब्यात याचं मोजमाप 2019 पर्यंत थांबवलं गेलं. मुलाखती छापून आल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत 738 अब्ज डॉलरच्या संरक्षण खर्चाचा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर झाला. एल्सबर्ग यांच्या कागदांनंतर जेवढा गदारोळ झाला त्याचा शतांशही झाला नाही, कारण मरणारे सैनिक स्वेच्छेने भरती झालेले होते आणि खर्च कर्जातून भागत होता. झळ कुणाच्या घरी पोचत नव्हती. 80 अब्ज डॉलरहून अधिक खर्चून उभं केलेलं, कागदावर तीन लाखांचं अफगाण सुरक्षादल ऑगस्ट 2021 मध्ये काही दिवसांत विरघळलं, आणि हे अटळ नाही असं बायडेन पाचच आठवडे आधी सांगत होते. माघार घेणारा प्रामाणिक असतोच असं नाही, याचा पुरावा म्हणून 29 ऑगस्टचा काबूलमधला ड्रोनहल्लाही नोंदवावा लागतो: आधी तो न्याय्य ठरवला, आणि वृत्तपत्रांनी शोध घेतल्यावर 17 सप्टेंबरला मान्य केलं की मेलेले दहाही जण नागरिक होते, त्यांत सात मुलं.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा म्हणून वाचणं भारतीय वाचकाला परवडण्यासारखं नाही. 2003 मध्ये लोकसभेने इराक युद्धाविरुद्ध ठराव केला आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने तिथे सैन्य पाठवायला नकार दिला. तो निर्णय शहाणपणाचा होता, आणि त्याआधी महिनाभर झालेल्या जाहीर वादाचा त्यात वाटा होता. 29 जुलै 1987 च्या भारत–श्रीलंका कराराबाबत मात्र असा वाद आधी झालाच नाही. करारात तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायला 72 तासांची मुदत होती. ऑक्टोबरपासून भारतीय सेना त्याच बंडखोरांशी जाफन्यात लढत होती, आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा सुमारे 1,200 जवान गेलेले होते. मोहीम पूर्णपणे आवरली ती सरकार बदलल्यावर, नव्या माणसाने, वरच्या उदाहरणांसारखीच. ब्रिटनने इराकबद्दल चिल्कॉट समिती नेमून 2016 मध्ये आपल्या पंतप्रधानाचं वर्तन बारा खंडांत छापलं. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेबद्दल आपल्याकडे तशी जाहीर चौकशी झाली नाही, आणि झाली पाहिजे अशी मागणीही कोणत्या मोठ्या पक्षाने लावून धरली नाही. परदेशात सैन्य धाडण्यासाठी संसदेची आगाऊ मंजुरी घेण्याचं बंधन आपल्या सरकारवर आजही नाही. अमेरिकेत निदान टोंकिनच्या ठरावावर ती दोन विरोधी मतं नोंदवायची सोय होती. श्रीलंकेत सैन्य पाठवताना आपल्या खासदारांना हात वर करायलाही कुणी सांगितलं नाही.